लिव्हिंग विल केलंय, पण रात्री दोन वाजता १०८ आली तर?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

गेले पंधरा दिवस आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर लिव्हिंग विलचा एक नमुना फिरतोय. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झालं काम, असा त्याचा सूर आहे. चार-पाच जणांनी फोन करून विचारलं, "सिस्टर, हे केलं की मग मला व्हेंटिलेटरवर नाही ना घालणार?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. मी ३१ वर्षं नर्सिंग केलं, त्यातली १४ कॅज्युअल्टीत, सांगली-मिरज पट्ट्यात, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. कायद्यात काय लिहिलंय ते वकील सांगतीलच. तो कागद रात्री कॅज्युअल्टीच्या दारातून आत येतो तेव्हा त्याचं काय होतं, ते मी पाहिलंय.

सरळ उत्तर असं की नोटरी केलेलं लिव्हिंग विल तुम्हाला आयसीयूतल्या महिनाभराच्या नळ्यांमधून सोडवू शकतं. पण हृदय बंद पडतं त्या पाच मिनिटांत त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. त्या पाच मिनिटांसाठी वेगळा कागद लागतो. त्याला डीएनआर म्हणतात. आणि तो दवाखान्याच्या भिंतीबाहेर, घरात किंवा अँब्युलन्समध्ये, चालावा अशी सोय माझ्या सगळ्या नोकरीत मला कुठे दिसली नाही. ती सोय झाल्याशिवाय नुसते लिव्हिंग विलचे कॅम्प घेणं म्हणजे लोकांना अर्धीच गोष्ट सांगणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी डीएनआर म्हणजे काय ते बघू, कारण इथेच निम्मा घोळ होतो. 'डू नॉट रिससिटेट'. म्हणजे हृदय किंवा श्वास थांबला तर छाती दाबू नका, शॉक देऊ नका, घशात नळी टाकू नका. एवढंच. आयसीएमआरने २०२० मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात त्याला 'डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन' म्हटलंय, म्हणजे प्रयत्न करू नका. हा 'प्रयत्न' शब्द मला फार आवडला. नुसतं 'जिवंत करू नका' म्हटलं की असं वाटतं, जिवंत करणं डॉक्टरच्या हातात होतं आणि त्याने केलं नाही. तसं नसतं हो.

सीपीआर म्हणजे काय ते सिनेमात दाखवत नाहीत. छातीचं हाड दर वेळी पाच-सहा सेंटिमीटर खाली गेलं पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. हाताखाली ते कळतं, तो आवाज पहिल्यांदा ऐकला त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. अमेरिकेत १९९६ साली काही डॉक्टरांनी टीव्ही मालिकांमधले सीपीआरचे प्रसंग मोजले. मालिकांत चारातले तीन पेशंट शुद्धीवर येत होते. खऱ्या दवाखान्यात, चांगल्या देशांतसुद्धा, हृदय बंद पडलेल्या चार-पाच पेशंटांतला एक जेमतेम घरी जातो. आणि हा हिशेब सगळ्यांचा मिळून आहे. शरीरभर पसरलेला कॅन्सर, निकामी झालेली फुप्फुसं, शेवटच्या टप्प्यातला मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्याहूनही कमी.

म्हणून सीपीआर वाईट, असं कुणी समजू नका. चाळिशीतला माणूस मॉर्निंग वॉकला कोसळला, पोरगं विहिरीत बुडालं, शेतात मोटरचा शॉक बसला, तिथे छाती दाबणं हेच देवाचं काम. ते प्रत्येकाला यायला हवं, शाळेत शिकवायला हवं. प्रश्न आहे तो ज्याचं शरीर आजाराने हळूहळू थांबत आलंय आणि ज्याने स्वतः सांगितलंय की थांबू द्या, त्याचा.

आणि हे इच्छामरण नाही. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न आणि औषध नाकारलं, तो त्यांचा निर्णय होता आणि त्यावर आजही वाद घालता येईल. डीएनआरमध्ये अन्न, पाणी, औषध काही सोडायचं नसतं. शेवटी जे आपोआप होणार आहे त्याच्या आड मशीन आणायची नाही, इतकंच.

आता कायदा, थोडक्यात. अरुणा शानबाग सगळ्यांना आठवत असतील. केईएममधली आमच्यातलीच एक. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं ती त्याच हॉस्पिटलात होती आणि केईएमच्या नर्सेसनी तिची जी सेवा केली तिला तोड नाही. तिच्या निमित्ताने २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा सांगितलं की उपचार थांबवता येतील, पण हायकोर्टाची परवानगी घेऊन. मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण पद्धत इतकी किचकट की मॅजिस्ट्रेटच्या सहीशिवाय पान हलेना. आयसीयूवाल्या डॉक्टरांची संघटनाच कोर्टात गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. सध्या फिरणारा नमुना याच निकालावर बेतलेला आहे आणि तो चुकीचा नाही.

पण पुढचं वाचा. ते विल अमलात आणायचं तर आधी हॉस्पिटलने प्राथमिक मंडळ बसवायचं. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले त्या विषयातले दोन डॉक्टर. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. त्यांनाही ४८ तास. मग मॅजिस्ट्रेटला कळवायचं. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, वेळ हातात आहे, अशा वेळी ही पद्धत योग्यच आहे. घाईत कुणाचा जीव जाऊ नये म्हणून दोन चाळण्या लावल्यात, माझी त्याला हरकत नाही. पण हृदय थांबल्यावर मेंदूला चार-पाच मिनिटं असतात. ४८ आणि ४८ तासांची पद्धत तिथे कुठे बसवणार?

यामुळे काय होतं ते एका घरातलं सांगते. नावगाव सांगत नाही, घरच्यांना विचारून लिहितेय.

निवृत्त गुरुजी, वय ८१. फुप्फुसं आखडत चाललेली, घरी ऑक्सिजनचं मशीन, खोलीतून न्हाणीपर्यंत जायचं तरी दम. डोकं मात्र एकदम साफ. त्यांनी रीतसर लिव्हिंग विल केलं होतं, मुलीला त्यात जबाबदार नेमलं होतं, आणि कागद सातबारा, पेन्शनची ऑर्डर वगैरेंबरोबर गोदरेजच्या कपाटात ठेवला होता. एका रात्री दोन वाजता त्यांचा श्वास अडकला. घरात सूनबाई आणि नातू. मुलगी पुण्याला. सूनबाईंनी जे कुणीही करेल तेच केलं, १०८ ला फोन. गाडी वीस मिनिटांत आली, म्हणजे आपल्याकडच्या मानाने लवकरच. गाडीतल्या डॉक्टर मुलीने नाडी पाहिली आणि छाती दाबायला सुरुवात केली. नातू ओरडत होता, "आजोबांनी नको म्हणून लिहून ठेवलंय." ती म्हणाली, "कुठंय?" किल्ली गुरुजींच्या जानव्याला.

हृदय पुन्हा सुरू झालं. हॉस्पिटलात नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला. सकाळी मुलगी कागद घेऊन पोचली. तिथल्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे बरोबर असेल, पण आमच्याकडे असं बोर्ड कधी बसवलेलं नाही. लीगलवाल्यांना विचारावं लागेल." दुबईचा मुलगा फोनवर सांगत होता, सगळं करा, पैशाची काळजी करू नका. गुरुजी शुद्धीवर येत-जात होते. हाताला बांधलं होतं, कारण ते नळी ओढत होते. तोंडात नळी, बोलता येत नाही, आणि शाळेत ३६ वर्षं बोललेला माणूस.

अकराव्या दिवशी मुलीने डामा घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो अशी सही. अँब्युलन्समधून अँब्यू बॅग दाबत घरी आणलं आणि नळी सोप्यात काढली. मी शेजारधर्म म्हणून तिथे होते. पाऊण तासाने गेले. केसपेपरवर शेवटची नोंद अशी की नातेवाइकांनी सल्ल्याविरुद्ध नेलं. आयुष्यभर शिस्तीत राहिलेल्या माणसाने सगळं कायदेशीर केलं होतं, आणि दप्तरी मात्र त्याच्या मुलीने त्याला सल्ल्याविरुद्ध मारलं असं उमटलं.

आता मला सांगा, चूक कुणाची? अँब्युलन्समधल्या त्या पोरीची? अजिबात नाही. मी तिच्या जागी असते तर मीही छाती दाबली असती. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यापासून सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की इमर्जन्सीत आधी जीव वाचवा, बाकी सगळं नंतर. २००८ मध्ये संमतीवर मोठा निकाल आला, त्यातही जीव वाचवण्यासाठी तातडीचा उपचार संमतीशिवाय करता येतो हा अपवाद ठेवलाय. अनोळखी घर, रात्रीचे दोन, समोर थांबलेलं हृदय आणि एक ओरडणारा पोरगा. तिने कुणाच्या तोंडी शब्दावर थांबायचं का? उद्या दुसरा भाऊ उठून म्हणाला की वाटणीसाठी यांनी बाबांना मरू दिलं, तर? डॉक्टरांवरचे हल्ले आपल्याला नवे नाहीत. त्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये वेगळा कायदा केला, तरी कॅज्युअल्टीच्या काचा फुटायच्या थांबल्या नाहीत.

याच अडचणीवर अमेरिकेतले दोन किस्से आहेत, डॉक्टरांच्या मासिकांत छापून आलेले. मला ते फार शिकवून गेले. कॅलिफोर्नियात एका ५९ वर्षांच्या माणसाच्या छातीवर 'डीएनआर' असं गोंदलेलं होतं. पाय कापायच्या ऑपरेशनला आला होता. विचारलं तर म्हणाला, छे छे, मला वाचवायचंच, तरुणपणी पत्त्यांच्या डावात पैज हरलो म्हणून गोंदवलं! त्यानंतर काही वर्षांनी मायामीत एक ७० वर्षांचा बेशुद्ध माणूस आला. त्याच्याही छातीवर तेच पूर्ण शब्दांत, 'नॉट' खाली रेघ, आणि खाली सही गोंदलेली. सोबत कुणी नाही. डॉक्टरांनी आधी ठरवलं की ज्यातून परत येता येत नाही असा रस्ता शंका असताना धरायचा नाही. म्हणून अँटिबायोटिक दिलं, सलाईन दिलं, बीपी वाढवायची औषधं दिली, मास्कने श्वासाला आधार दिला. मग नीतीविषयक सल्लागारांना बोलावलं, त्यांनी सांगितलं की हे गोंदण खरंच त्याची इच्छा दिसते, ते माना. थोड्या वेळात त्याचा सरकारी डीएनआर फॉर्मही सापडला. तो माणूस नंतर गेला, छाती न दाबता.

फ्लोरिडात तो फॉर्म पिवळ्या कागदावर असावा लागतो. ओरेगॉन राज्यात अशाच प्रकारचा फॉर्म १९९० च्या दशकापासून भडक गुलाबी असतो. तो फ्रिजवर लावून ठेवतात, अँब्युलन्सवाल्याला दारातूनच दिसावा म्हणून. त्यावर डॉक्टरची सही असते. म्हणजे ती नुसती पेशंटची इच्छा राहत नाही, अँब्युलन्सच्या माणसाला पाळता येईल असा डॉक्टरचा आदेश होतो. हा फरक फार मोठा आहे आणि आपल्या फिरणाऱ्या नमुन्यात नेमका तोच नाही. लिव्हिंग विल तुम्ही वकिलाबरोबर बसून पुढच्या वीस वर्षांसाठी लिहिता. डीएनआर तुमचा डॉक्टर तुमच्याशी बोलून, तुमचा आजार बघून, आत्तासाठी लिहितो.

इथपर्यंत वाचून काहींना वाटेल, सिस्टर डीएनआरच्या फारच बाजूच्या दिसतात. तर आता दुसरी बाजू ऐका, कारण तीही मी तितकीच पाहिली आहे.

एक मावशी होत्या, भाजी विकायच्या. स्तनाचा कॅन्सर हाडात गेलेला. त्यांच्या डॉक्टरांनी मावशींशी नीट बोलून फाइलवर डीएनआर लिहिलं होतं. चांगलं काम केलं होतं. एका संध्याकाळी लेकाने त्यांना रिक्षातून कॅज्युअल्टीत आणलं. घाम, बडबड, मग प्रतिसादच नाही. ड्युटीवर नवा हाउसमन. फाइल उघडली, ती अक्षरं पाहिली, आणि म्हणाला, "डीएनआर आहे, कॉटवर ठेवा, नातेवाइकांना समजावतो." पोरगा वाईट नव्हता, त्याला तेवढंच शिकवलं होतं. मी म्हटलं, डॉक्टर, त्यांना डायबेटिसपण आहे, आधी शुगर तर बघू. शुगर २८. डेक्स्ट्रोज दिलं, दहा मिनिटांत मावशी उठून बसल्या आणि विचारतात, "माझी पिशवी कुठाय?" दोन दिवस जेवण नव्हतं आणि गोळी मात्र वेळेवर घेतली होती. त्यानंतर त्या चार महिने जगल्या. नातीचं बारसं पाहिलं. शेवटी घरी गेल्या, कुणी छाती दाबली नाही.

या गोष्टीत डीएनआर एकदाही मोडला गेला नाही. मावशींचं हृदय चालू होतं. शुगर कमी होणं, घास अडकणं, लघवीचं इन्फेक्शन, पडून हाड मोडणं, जुलाबाने पाणी कमी होणं, यांवर उपचार डीएनआरवाल्या पेशंटलाही पूर्ण मिळाला पाहिजे. वेदनेवर तर आधी मिळाला पाहिजे. माझ्या अनुभवात फाइलवर ती तीन अक्षरं आली की राउंड छोटा होतो, बेल वाजली तर माणूस सावकाश उठतो. कुणी ठरवून करत नाही, पण होतं. म्हणून मला नुसतं 'डीएनआर' लिहिलेलं चालत नाही. त्याच पानावर काय काय करायचं ते आधी लिहा. ऑक्सिजन द्या, सलाईन द्या, अँटिबायोटिक द्या, मॉर्फीन द्या, हॉस्पिटलात न्या किंवा नेऊ नका. शेवटच्या ओळीत लिहा की हृदय थांबलं तर छाती दाबू नका.

इंग्लंडसारख्या देशात, जिथे ही पद्धत मुरलेली आहे, तिथेही २०२० च्या कोविडमध्ये गडबड झालीच. वृद्धाश्रमातल्या आणि अपंग लोकांच्या फाइलवर त्यांना किंवा घरच्यांना न विचारता हे शेरे मारल्याच्या तक्रारी आल्या आणि तिथल्या तपास यंत्रणेला २०२१ मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला. आपल्याकडे व्हेंटिलेटर कमी, बेड कमी, आणि पेशंटला काहीही न सांगायची सवय. उद्या 'वय जास्त आहे, डीएनआर लिहून टाका' असं होणार नाही, याची खात्री कोण देणार?

म्हणून एक गोष्ट माझ्या मते अजिबात सोडता कामा नये. कागद पेशंटच्या शब्दाने झाला पाहिजे, नातेवाइकांच्या नव्हे. पेशंट शुद्धीत आहे, समजतंय, तर त्यालाच विचारा. आपल्याकडे डॉक्टर पेशंटच्या उशाशी उभे राहून त्याच्या मुलाशी बोलतात! आणि पेशंट बाई असेल तर नवऱ्याशी, मुलाशी, जावयाशी, कुणाशीही, पण तिच्याशी नाही. १४ वर्षांत कॅज्युअल्टीत किती बायकांना 'तुम्हाला काय हवंय' असं विचारलेलं ऐकलं, ते मोजायला माझ्या हाताची बोटं पुरतात.

आणि पैशाचं बोलायलाच हवं. गरिबाच्या घरात डीएनआरचा निर्णय डिपॉझिटच्या खिडकीवर होतो. त्याचं नाव डामा. ज्याच्याकडे पैसे संपले तो सल्ल्याविरुद्ध घरी जातो, मग त्याला अजून जगायचं असो वा नसो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नको म्हणत असतानाही नळीवर राहतो. दोघांनाही कुणी विचारलेलं नाही. डामाच्या सहीखाली किती डीएनआर झाकले गेलेत, आणि किती वाचण्यासारखे जीवही, ते कुठल्याच रजिस्टरला कधी कळणार नाही. दुसरा एक प्रकार आम्हा लोकांना माहीत आहे आणि बाहेर कुणी बोलत नाही. नातेवाईक पडद्याआडून बघतायत म्हणून दाखवण्यापुरता सीपीआर. डॉक्टरला माहीत असतं, सिस्टरला माहीत असतं. मेलेल्या माणसाच्या छातीवर दहा मिनिटं नाटक. कारण 'काहीच केलं नाही' हे वाक्य ऐकायची कुणाची तयारी नसते.

आता एक अगदी जमिनीवरची गोष्ट, जी लिव्हिंग विलच्या एकाही व्याख्यानात मी ऐकली नाही. अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसासाठी लोक १०८ का बोलावतात? बऱ्याचदा वाचवण्यासाठी नाही. दाखल्यासाठी. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४अ कुणा डॉक्टरने भरून द्यावा लागतो. पूर्वी फॅमिली डॉक्टर घरी येऊन सही करायचे. आता ते डॉक्टर थकले किंवा गेले, नवे म्हणतात आम्ही पेशंट पाहिलेला नाही, सही करणार नाही. आणि त्यांचंही खरंच आहे. मग लोकांना भीती, की घरी गेले तर पोलीस येतील, पोस्टमॉर्टम होईल. म्हणून शेवटच्या तासात धावपळ करून माणसाला कॅज्युअल्टीत आणतात, आणि एकदा कॅज्युअल्टीत आणलं की आम्हाला आमचं काम करावंच लागतं. म्हणजे ज्या आजीला घरी, देवघराच्या बाजूला जायचं होतं, तिच्या बरगड्या एका फॉर्मपायी मोडतात.

त्यामुळे माझं पहिलं मागणं कोर्टाकडे नाही, आपल्या जिल्ह्याकडे आहे. सिव्हिल सर्जन, १०८ चे जिल्ह्यातले अधिकारी आणि डॉक्टरांची संघटना यांनी बसून एक पानाचा, मराठी, ठळक रंगाचा फॉर्म ठरवावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही, पेशंटची सही किंवा अंगठा, आणि किती महिन्यांनी पुन्हा विचारायचं त्याची तारीख. मन बदललं की फाडून टाकायचा, कुणाला विचारायची गरज नाही. १०८ च्या डॉक्टरांना लेखी सूचना असावी, की हा मूळ फॉर्म समोर असेल, माणूस तोच असेल, घरात वाद नसेल, तर छाती दाबू नका, पण त्रास कमी करायला जे लागेल ते सगळं करा. फॉर्म नसेल, शंका असेल, वाद असेल, तर नेहमीप्रमाणे वाचवा. २०१४ पासून राज्यात १०८ च्या गाड्या धावतायत आणि त्यांत डॉक्टर असतो. दुसऱ्या अनेक राज्यांत गाडीत फक्त टेक्निशियन असतो. म्हणजे हे करायला आपल्याइतकी सोपी जागा नाही. वरून स्पष्ट आदेश लागत असेल तर आपल्या आमदारांनी तो मागावा. रस्त्याचं भूमिपूजन होतच राहतं.

दुसरं, पालिकेकडे. लिव्हिंग विलची प्रत ठेवून घ्यायला स्थानिक संस्थेत कस्टोडियन अधिकारी असावा असं सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी यासाठी हायकोर्टात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे राज्यात हे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतः पहिलं विल नोंदवलं. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढलं. आपल्या नगरपालिकेत हा अधिकारी कोण, हे मी खिडकीवर विचारलं तर मला जन्म-मृत्यूच्या टेबलावरून घरपट्टीच्या टेबलावर आणि तिथून परत पाठवलं. विल घेऊन येणाऱ्या सत्तरीच्या माणसाला असं फिरवणार का?

आणि ज्यांनी विल केलंय त्यांनी एवढं तरी करा. कागद कपाटातून बाहेर काढा. झेरॉक्स उशाजवळच्या औषधांच्या डब्यात, एक घरात जो रात्री असतो त्याच्याकडे. मुलगी पुण्यात आणि रात्री घरात सूनबाई, तर सूनबाईंना सगळं माहीत पाहिजे. परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून स्वतःच्या तोंडाने सांगा, कारण शेवटच्या क्षणी 'सगळं करा' म्हणणारा तोच असतो, आणि त्याचा दोष नाही, तो लांब आहे. जवळच्या एका डॉक्टरकडे दर दोन-तीन महिन्यांनी नियमित दाखवत राहा, म्हणजे फॉर्म ४अ वर सही करायला त्याला अडचण येणार नाही. त्याचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. शेवटचं आलंय असं वाटलं तर आधी त्याला फोन, मग ठरवा. दुखत असेल तर मॉर्फीन मागायला लाजू नका. २०१४ च्या कायद्यातल्या बदलानंतर ते मिळणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

काहीजण कॉमेंटमध्ये लिहितील की एवढं मरणाचं बोलू नये, अभद्र असतं. लिहा. मी उत्तर देणार नाही.

पालिकेला कस्टोडियनबद्दल आणि सिव्हिल सर्जन साहेबांना फॉर्मबद्दल असे दोन अर्ज मी मराठीत लिहून ठेवलेत. सोमवारी अकरा वाजता पालिकेच्या आवक-जावक खिडकीवर देणार आहे आणि पोच घेणार आहे. सोबत कुणी आलं तर बरं, एकट्या बाईला उद्या या म्हणतात, चौघे असले की शिक्का लगेच मारतात. अर्जाची प्रत ज्यांना आपापल्या गावात द्यायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. उत्तर आलं की इथेच टाकीन.